चीनचं पिल्लू, राहीचा कोंड्या

नीलिमाची पहिली दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली आणि दोन्ही मुलं गेली. पहिलं बारशाच्या आधी, दुसरं बारशाच्या घुगऱ्या अजून डब्यात असताना. तिसऱ्या वेळी माईंनी विहीणबाईंना तोंडावर सांगितलं, "तुमच्याकडची हवा दोनदा बघून झाली. आता आमच्या अंबरनाथची बघू." विहीणबाई रडल्या. माईंनी त्यांना रडू दिलं, चहा दिला आणि स्टेशनपर्यंत सोडायला अण्णांना पाठवलं. सून मात्र ठेवून घेतली.

माई अशाच. शाळा चौथीत सुटली ती सुटली, पण घरात शेवटचा शब्द त्यांचा. अण्णा कारखान्यात अधिकारी होते तेव्हा तिथली माणसं त्यांना बघून विड्या विझवायची. घरात हेच अण्णा चपला कुठे काढू म्हणून विचारायचे.

मुलगा श्रीपाद जनावरांचा डॉक्टर. गुराढोरांचा असता तर माईंना कळलं असतं, चारचौघांत सांगता आलं असतं. पण हा बसला होता समुद्रापलीकडे, एका मोठ्या शहरातल्या प्राण्यांच्या बागेत, अस्वलं सांभाळत. अस्वलंसुद्धा साधी नाहीत. काळी-पांढरी, रडून काजळ फिसकटलेल्या बाईसारखे डोळे, आणि खायला काय, तर बांबू. पांडा म्हणतात. नर-मादीची ती जोडी चीनने त्या बागेला दिली होती, पण दिली म्हणजे दान केली नव्हती. काही वर्षांच्या बोलीवर, भाड्याने. श्रीपाद त्या मादीच्या दिमतीला होता. ज्या श्रावणात नीलिमाचे दिवस भरत आले, त्याच श्रावणात तिकडे तिचेही भरत आले.

"सुट्टी मिळत नाही गं माई," रविवारच्या फोनवर श्रीपाद म्हणाला.

"का? तिला नवरा नाही वाटतं?"

"आहे, पण त्याचा काही उपयोग नाही. वर्षातून दोन-तीन दिवस ती राजी असते, आणि ते दिवस हा बांबू चघळत बसतो. शेवटी आम्हालाच करावं लागलं सगळं. सुईने."

माईंनी फोन कानापासून लांब धरला, जसं काही त्यातून काही सांडेल. "ऐकलंत?" त्या अण्णांना म्हणाल्या. "बायको इथे बाळंत होतेय आणि हा तिथे अस्वलिणीची नाडी धरून बसलाय." मग फोन पुन्हा कानाला लावून म्हणाल्या, "बरं, पिल्लू झालं की ते तुमचं ना?"

"नाही. चीनचं."

"जन्मणार तुमच्या दारात, राबणार तू, आणि पिल्लू चीनचं?"

"तशी बोलीच आहे. आई त्यांची, म्हणून पिल्लूही त्यांचं. तीन-चार वर्षांचं झालं की परत करायचं."

"ज्याच्या घरात वाढलं त्याचं मूल," माई म्हणाल्या. "एवढी अक्कल त्या चीनला नाही?"

श्रीपाद हसला. फोनमधून त्याचं हसणं एक श्वास उशिरा यायचं, आणि माईंना ते आवडायचं नाही. हसणारा निघून गेल्यावर मागे राहिलेलं हसणं ऐकतोय असं वाटायचं.

नीलिमाला मुलगा झाला. त्याच आठवड्यात तिकडे पांडाचंही पिल्लू झालं. उंदराएवढं, गुलाबी, अंगावर केस नाही, पण रडतं असं की बाग दणाणते, असं श्रीपाद सांगत होता. आई त्याला पंजात धरून बसलीय, खाली ठेवतच नाही, पाणी प्यायलाही उठत नाही. हे ऐकून नीलिमाने आपलं बाळ जरा जास्तच जवळ घेतलं.

माईंचं मात्र आधीच ठरलेलं होतं. जिची मुलं राहत नाहीत तिचं मूल तिचं ठेवायचंच नाही, लेकुरवाळ्या बाईच्या ओटीत घालायचं. ती बाई म्हणते, माझं झालं. मग आईने सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. कोंड्याच्या मोलाचं मूल म्हटल्यावर सटवाईसुद्धा त्याच्याकडे बघत नाही. माईंच्या माहेरी असं केलेलं त्यांनी पाहिलं होतं. गावोगाव इतके कोंडाजी आणि कोंडीबा उगाच नाहीत.

आणि लेकुरवाळी म्हणजे राही. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी होती, तिथली. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती अंबरनाथला उतरायची. पावसाळ्यात टाकळा, कंटोळी, पुढे काय असेल ते, आणि काहीच नसेल तेव्हा मोळी. माई मागच्या दारी तिच्याशी घासाघीस करायच्या. राहीची पोरं एकाला एक लागून, सगळी जिवंत, सगळी काळी तुकतुकीत. "काय खायला घालतेस गं?" माई विचारायच्या. "शिव्या," राही म्हणायची.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी माईंनी तिला मागच्या ओट्यावर बसवली. राहीने पाटी बाजूला ठेवली, हात धुतले, पदर पसरला. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा आणि ओल्या पाल्याचा वास होता. नीलिमाने बाळ तिच्या ओटीत ठेवलं.

"कुनाचा यो?" राहीने विचारलं.

नीलिमाने बाळाच्या दुपट्याची कड धरून ठेवली. माईंनी कोपर मारलं.

"तुमचा," नीलिमा म्हणाली.

"माजा," राही म्हणाली आणि बाळाच्या कपाळाला नाक लावून तिने वास घेतला. "माजा कोंड्या. आना आता कोंडा."

माई आत जाऊन सूप भरून घेऊन आल्या. राहीने चिमूट बोटांत चोळली आणि मान हलवली. "यो गव्हाचा हाय, बाय. भाताचा लागतो. आमच्याकडं गहू पिकत नाय."

अंबरनाथच्या घरात भाताचा कोंडा कुठून असणार? तांदूळ रेशनचा, नाहीतर वाण्याचा, सडून पांढराफेक होऊन आलेला. त्याचा कोंडा कुठल्या गिरणीत पडला ते त्यालाच माहीत.

"बदलापूरला भाताची गिरणी आहे," अण्णा म्हणाले. "मी आत्ता जाऊन घेऊन येतो." एका पायात त्यांनी चप्पल घातलीसुद्धा.

"थांबा," माई म्हणाल्या.

त्या राहीच्या ओटीतल्या बाळाकडे बघत होत्या. आधीची दोघं गेली, ती का गेली? आपली होती म्हणून. आपलं नाव सांगत, आपलं दार शोधत जे काही आलं होतं, ते त्यांना घेऊन गेलं. मग ह्याला इतक्यात आपला करायची घाई कशाला? हा राहीचा आहे तोवर ह्याला शोधत इथे कोण येणार आहे? शोधायचं तर त्याने चढावं बारवीचा डोंगर. माईंना आपल्याच बुद्धीचं कौतुक वाटलं. ही अक्कल त्यांच्या माहेरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा सुचली नव्हती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सवडीने देऊ."

राहीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "उदार ठेवताय?"

"ठेवतेय."

"मंग तवर माजा हाय. सांगून ठेवते."

"तुझा तर तुझा. घरी नेऊ नकोस म्हणजे झालं."

"न्हेईन कशाला? गाभण म्हस लोकाच्या गोठ्यात ठेवतातच की. चारा त्याचा, रेडकू मालकाचं," राही हसून म्हणाली. तिने बाळ नीलिमाच्या हातात दिलं आणि पाटी उचलली.

"माई, पण..." नीलिमा म्हणाली.

"बाळंतिणीने बोलू नये. वारं लागतं."

बाळ वाढलं. बारशाचा दिवस टळला, महिना टळला, आणि बाळ पाळण्यात लाथा झाडत होतं. माई शेजारणींसमोर मान ताठ करून वावरत होत्या. बारसं कधी, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आमच्यात उशिरा करतात." कधीपासून करतात ते विचारायची कोणाची छाती नव्हती. नाव ठेवायचं म्हणजे मूल आपलं म्हणायचं, आणि तेच तर माईंना नको होतं. घरात त्याला सगळी नुसतं बाळ म्हणत. नीलिमाने मनात एक नाव ठरवून ठेवलं होतं. ते ती कोणाला सांगत नसे, पण दूध पाजताना तिचे ओठ हलायचे.

बाजाराच्या दिवशी राही यायची. पाटी ओट्यावर टेकवायची आणि हाक मारायची, "आना माजा कोंड्या." ती त्याला उलटासुलटा करायची, टाळू चाचपायची, तोंडात बोट घालून हिरडी बघायची. मग सुनवायची. "दूद कमी पडतंय, हिला नाचणी घाला." "ह्याला लय कपडे घालता, उबून मरंल." माईंच्या घरात येऊन माईंना सुनवणारी ती एकच बाई. माईंच्या जिभेवर उत्तर यायचं आणि त्या ते गिळायच्या. अण्णा पेपर तोंडासमोर धरून ऐकायचे, पेपर जरा हलायचा.

"चीनचा एक माणूस आलाय," श्रीपाद फोनवर म्हणाला. "रोज पिल्लाचं वजन करतो, वही भरतो. आमच्यावर विश्वास नाही. नावही तेच ठेवणार, त्यांच्या देशातून येणार. आम्ही आपले पिल्लू पिल्लू करतोय."

"आमच्याकडेही येते एक," माई म्हणाल्या.

"कोण?"

"काही नाही. तू तुझी अस्वलं बघ."

बाळ राहीकडे झेपावायचं, हे माईंना सगळ्यात जास्त लागायचं. ऊन मागच्या उंबऱ्यावर आलं की ते पाळण्यात वळवळायला लागायचं आणि दाराकडे बघून हात पसरायचं. मग मागच्या पायऱ्यांवर राहीच्या पायांचा आवाज यायचा. आधी हात, मग आवाज. नीलिमा हे बघायची आणि आत निघून जायची.

"कोंडा आणा ना, माई," एक दिवस तिने पाय धरले. "माझं मूल मला द्या."

"तुझंच आहे. तुझ्याच छातीला लागलंय ना?"

"मग त्याला नावाने हाक मारू?"

"दात येऊ देत," माई म्हणाल्या. "दात आले की आणू."

दात यायच्या आत राही यायची थांबली.

एक बाजार गेला, मग दुसरा गेला. दिवस भातकापणीचे होते, शेतावर असेल म्हणून माई गप्प राहिल्या. पण बाळ गप्प राहीना. बाजाराच्या दिवशी ऊन उंबऱ्यावर आलं की त्याचे हात पसरायचे, पायऱ्यांवर कोणी नसायचं, आणि तरी ते हसायचं. हिरड्या दाखवून, आवाज करून, जवळ आलेल्या माणसाला बघून हसावं तसं. त्या दिवशी मग ते दूध प्यायचं नाही. जसं काही पोट भरलेलं आहे.

शेवटी माई स्वतः बाजारात गेल्या. राहीच्या जागेवर, त्याच वाडीची चांगुणा आवळे मांडून बसली होती.

"राही कुठे आहे गं? ती काय अंबरनाथचा रस्ता विसरली?"

चांगुणाने वर बघितलं. "राही ग्येली की. भात कापताना घोनस चावली. दवाखान्यात न्हेईपत्तुर नाय टिकली."

"कधी?"

"दिवाळीच्या आदी. तुमाला नाय कळलं?"

माईंनी आवळे घेतले. घासाघीस केली नाही. चांगुणा त्यांच्याकडे बघतच राहिली.

माई भुतांना भीत नसत. भुतांनीच माईंना भ्यावं, असा अण्णांचा अनुभव होता. पण घरी येऊन त्या मागच्या ओट्यावर बसल्या आणि उठेनात. उधारी त्यांनी ठेवली होती. मालकीण मेली, मूल मालकिणीचं. मग आता हे मूल कोणाचं?

नीलिमाला त्यांनी सांगितलं नाही. नीलिमाला कळलं ते वासाने. बाजाराचा दिवस होता, ऊन उंबऱ्यावर आलं होतं, आणि बाळंतिणीची खोली धुराच्या आणि ओल्या पाल्याच्या वासाने भरून गेली. घरात गॅस होता. पाला कुठे नव्हता, आणि पाऊस जाऊन कितीतरी दिवस झाले होते. पाळणा हलत होता. आत बाळ लाथा मारत असेल म्हणून तिने वाकून बघितलं, तर बाळ निपचित, डोळे उघडे, हिरड्या उघड्या, कोणीतरी तोंडात बोट घालून बघतंय असा जबडा वासलेला. नीलिमाने किंचाळून त्याला उचललं. माई धावत आल्या. वास त्यांनाही आला. त्यांनी खिडक्या उघडल्या नाहीत. फक्त पदर डोक्यावर घेतला. घरात मोठं माणूस आल्यावर घ्यावा तसा.

"ती मेलीय, हो ना?" नीलिमाने विचारलं.

माईंनी मान डोलावली.

"आणि हा तिचा."

माईंनी हलणारा पाळणा हाताने थांबवला.

बाळ उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, दात येताना होतं. टॉनिक दिलं. बाळ ते ओकायचं. मांड्यांच्या वळ्या गेल्या. रविवारी श्रीपादचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता.

"पिल्लू गेलं, माई."

"कोणाचं?" माई ओरडल्या. अण्णा आतून धावत आले.

"आमचं. पांडाचं. चांगलं रांगत होतं. न्युमोनिया म्हणतात. आई अजून पंजा तसाच धरून बसलीय, आत काही नाही तरी."

माईंनी विचारलं, "पुरलंत का रे त्याला नीट?"

"आम्हाला पुरता येत नाही. बर्फात ठेवलंय. चीनचा माणूस येईल आणि घेऊन जाईल. जिवंत असो की मेलेलं, त्यांचंच. कातडी, हाडं, सगळं."

"मेल्यावरही?"

"मेल्यावरही. बोलीच तशी आहे."

माईंनी दाराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "आणि श्रीपाद, मालकच मेला तर?"

मग ते उशिरा येणारं हसणं आलं, दमलेलं. "चीन कसा मरेल, माई? देश मरत नाही. बरं ऐक, मी आता मोकळा झालोय. पुढच्या महिन्यात येतो आणि नीलिमाला नि बाळाला घेऊन येतो इकडे."

फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "बरं झालं. समुद्रापलीकडे गेला की सुटला."

"चीनचा माणूस पोचला की तिथे," माई म्हणाल्या. "ही का नाही पोचणार? हिला तर विमानही लागायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना उठवलं. "चप्पल घाला. कोंडा आणायचाय."

बदलापूरच्या गिरणीत नवं भात सडायला आलं होतं, कोंडा पायली पायलीने उडत होता. गिरणीवाला म्हणाला, "कोंबड्या पाळल्यात का, माई?" माईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गुपचूप पिशवी भरली. अण्णांचे गुडघे चढणीचे नव्हते, त्यांना गिरणीवरच बसवून ठेवलं. बाळाला दुपट्यात बांधून नीलिमा, आणि सूप-पिशवी घेऊन माई, अशा दोघी जीपने बारवीच्या वाटेला लागल्या. जीप सोडल्यावर पायवाट. माई आयुष्यात कधी राहीच्या वाडीवर गेल्या नव्हत्या. राही ती पाटी डोक्यावर घेऊन एवढं उतरायची, हे त्यांना त्या चढणीवर कळलं.

राहीचा नवरा देऊ अंगणात काठीला काहीतरी बांधत होता. त्याने दोघींना बघितलं, बाळाला बघितलं आणि काठी खाली ठेवली.

"कोंड्या का यो?"

"तुम्हाला ठाऊक आहे?" नीलिमाने विचारलं.

"ठावं नसंल का? बाजारावरनं आली का त्येचंच. अंबरनातला माजा पोर हाय म्हनायची, बाकीची रुसायची." त्याने बाळाकडे हात केला नाही. "वाळलाय."

"देऊ," माई म्हणाल्या. एरवी त्यांनी त्याला नुसतं ए म्हटलं असतं. "राहीचं देणं राहिलंय माझ्याकडे. कोंडा आणलाय. तू घे आणि मूल सोडून दे."

देऊने पिशवीत हात घातला, कोंडा बोटांत चोळला. "भाताचाच हाय," तो म्हणाला. आणि पिशवी परत केली. "पर मी कसा घ्यू? पोर माज्या वटीत नव्हता घातला. तिच्या घातला. तिलाच द्या."

"ती आहे कुठे?"

"वर हाय."

वाडीच्या वर, साग संपतात तिथे उतारावर राहीला पुरली होती. दगडांचा ढीग, त्यावर काट्या. वारा पडला होता. खाली बारवीचं पाणी दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे, धुरकटात, अंबरनाथची धुराडी. इथून बघत असेल, माईंना वाटलं.

त्या खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. सूप दगडांपुढे ठेवलं, त्यात कोंडा ओतला, वरून सपाट केला. नीलिमाने बाळाला मातीवर ठेवलं. बाळ रडलं नाही.

"राही," माई म्हणाल्या, आणि आवाज नीट करून पुन्हा म्हणाल्या, "राही, उशीर झाला. मीच केला. तुझ्या नावाआड लपवला त्याला. तुला विचारलं नाही. हा घे भाताचा कोंडा. आता मूल माझं मला दे."

वारा पडलेला होता तो उठला. सुपातला कोंडा आधी कडेने थरथरला आणि मग सगळाच्या सगळा एकदम उचलला गेला, दोघींच्या डोळ्यांवरून, बाळाच्या अंगावरून, दगडांवरून. थोडा काट्यांत अडकला, बाकीचा उतारावरून खाली. सुपात चिमूटभरही राहिला नाही.

नीलिमा डोळे चोळत म्हणाली, "घेतला ना तिने? माई, घेतला ना?"

माईंनी देऊकडे पाहिलं. तो जरा लांब उकिडवा बसला होता.

"घ्येतला म्हनायचा का उधळून दिला म्हनायचा," तो म्हणाला, "त्ये तुमी ठरवा. मला नाय कळत."

"घेतला," नीलिमा म्हणाली. "आता आपला झाला. माई, म्हणा ना." तिच्या गालावर कोंडा चिकटला होता. ती बाळाला त्या नावाने, जे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, त्या नावाने हाक मारणार होती. माईंनी तिचे ओठ हलताना पाहिले.

ठरवायची माईंना सवय होती. कुठल्या घरची हवा चांगली नि कुठली वाईट, बारसं कधी, मूल कोणाचं, सगळं त्यांनीच ठरवलं होतं. आत्ताही हो म्हटलं असतं तर या डोंगरावर त्यांना खोटं पाडणारं कोणी नव्हतं. त्या रिकाम्या सुपाकडे बघत राहिल्या. मग त्यांना ती अस्वलीण दिसली, कधी न बघितलेली, रिकामा पंजा धरून बसलेली. आणि राही दिसली, ओटीतल्या पोराच्या कपाळाचा वास घेणारी.

"नाही," माई म्हणाल्या.

"माई!"

"नाही गं बाई. माझ्याकडे द्यायला आता हिच्या मोलाचं काही नाही. मूल हिचंच." मग त्या दगडांकडे वळल्या, आणि राहीशी मागच्या दारी बोलायच्या त्याच आवाजात बोलल्या. "ऐक गं. तुझा तर तुझा. आम्ही सांभाळतो. दूध हिचं, घर आमचं, पोर तुझं. कोंड्याच म्हणू त्याला. शाळेतही तेच घालू, हसायचं त्यांनी हसावं. बाप समुद्रापलीकडे नेतोय. तुला यायचं तर ये, बघ, तोंडात बोट घालून बघ. पण दूध बंद करू नकोस त्याचं. मालकीण आहेस, तर जगव."

नीलिमा गुडघ्यांत तोंड घालून रडत होती. माईंनी तिला रडू दिलं नाही. हाताला धरून उठवलं आणि तिच्या गालावरचा कोंडा पदराने पुसला. "ऊठ. तुझं दूध तू पाज. तेवढं कोणाला काढून घेता येत नाही." नीलिमाने पदराआड घेतलं. बाळाने तोंड फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग कितीतरी वेळाने लागलं. भरपूर नाही, थोडंसं.

"अजून थकवा हाय त्याला," देऊ म्हणाला.

उतरताना बाळ माईंनी घेतलं. नीलिमा पुढे, पाय जपून टाकत, मागे न बघता. विहिरीवर वाडीतल्या बाया होत्या. एकीने विचारलं, "कुनाचा वो पोर?" माईंनी मान वर करून सांगितलं, "राहीचा." बायांचा रहाट थांबला.

बाळाची हनुवटी माईंच्या खांद्यावर होती, तोंड मागच्या वाटेकडे. वाडी मागे पडली तसं ते हसायला लागलं, हिरड्या उघडून, आवाज करून, हात पसरून. माईंच्या कानाशी त्याचा श्वास ऊन लागत होता. धुराचा वास आला, ओल्या पाल्याचा आला. माईंनी वळून पाहिलं नाही. वाट उताराची होती, मागून येणारीच्या डोक्यावर कदाचित पाटीही असेल, म्हणून त्यांनी पाऊल जरा हळू केलं.